हात दिसले पाहिजेत

आमच्या ठाण्यात महिन्यातून एकदा एक बाई तक्रार घेऊन यायची, आणि ती बाई आमच्याच ठाण्यातली सहायक फौजदार असायची. तो तिच्या रजेचा दिवस असायचा. साधं पातळ, डोक्यावरून पदर, पायात झिजलेल्या चपला, आणि त्या दिवशी तिला काहीतरी झालेलं असायचं. कधी उजवा हात गळ्यात बांधलेला, कधी डोळ्यावर पट्टी, कधी कानात कापसाचे बोळे. एकदा तर जवळच्या दवाखान्यातली चाकाची खुर्ची मागून आणली आणि आमच्या दाराच्या तीन पायऱ्यांपाशी थांबून अर्धा तास नुसती आत बघत बसली. कुणी आधार द्यायला उठतंय का, कुणी वही घेऊन बाहेर येतंय का, एवढंच तिला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला ती गणवेशात उभी राहून निकाल सांगायची. कोण उठलं, कोण उठलं नाही, कुणी मान वर न करता 'काय काम हाय' म्हणून विचारलं, सगळं नावानिशी. आवाज चढवून नाही; वाण्याची यादी वाचून दाखवावी तसं.

आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. ठाण्यात आणखीही मॅडम होत्या, पण नुसतं 'मॅडम कुठायत' म्हटलं की सगळ्यांना ह्याच कळायच्या. त्या माळशिरसकडच्या. उंच, काटक, गुडघे दुखत असले तरी ताठ चालणाऱ्या. गणवेशाच्या खिशात शिट्टीबरोबर शिंप्याकडची मापाची टेप असायची. त्या टेपेनं त्यांनी ठाण्यातली एकही वस्तू सोडली नव्हती. दार किती रुंद, बाकडं किती उंच, पायरी केवढी. अंमलदाराच्या पुढचा लाकडी काउंटर त्यांनी मोजला, मग तक्रार घेऊन आलेल्या एका म्हातारीला उभं करून तिला मोजलं, आणि साहेबांना जाऊन सांगितलं की ह्या काउंटरवरून आपल्याला म्हातारीचं फक्त कपाळ दिसतं. दोन साहेब बदलून गेले. तिसऱ्यांनी कंटाळून 'कापा' म्हणून सांगितलं. सुताराला मॅडमनी त्याच दिवशी बोलावलं. साहेबांचा विचार बदलायला त्यांनी जेवणाएवढासुद्धा वेळ दिला नाही.

मी भरती होऊन त्या ठाण्यात आले तेव्हा मला शहराची काडीची माहिती नव्हती. माझं गाव केम, करमाळ्याकडचं. वडील रेल्वेत रूळ तपासायच्या कामावर होते, आई शेतमजुरीला जायची. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी माझा गणवेशातला फोटो लागला त्या दिवशी आई रडली होती. ठाण्यात पहिल्या आठवड्यात एका हवालदारांनी चहा पिता पिता मला आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या अंगाला आहे ते विचारलं. हा प्रश्न कुठं जातो हे मला लहानपणापासून माहीत होतं. पलीकडच्या टेबलावर मॅडम डायरी लिहीत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "तिचा बक्कल नंबर लिहून घ्या. तेवढा पत्ता पुरे हाय."

हवालदारांनी चहा संपवला. पुन्हा तो विषय माझ्यापुढं कुणी काढला नाही.

माझ्या बोलण्याचंही तसंच. फोनवर मी 'व्हय साहेब, हितं न्हाईत ते' असं म्हणायचे आणि मागं दोघंतिघं हसायचे. मी घरी आरशासमोर 'होय', 'इथं', 'नाहीत' असं घोकायला लागले. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की शहराची भाषा शिक, पण तुझी टाकू नको. करमाळ्याकडची एखादी बाई मार खाऊन आली तर तिला ह्या ठाण्यात आपलं माणूस कोण वाटणार? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला दाराजवळच्या टेबलावरच बसवलं.

त्यांच्याकडं शब्दांची एक वही होती. त्यात वाक्यं पाच-सहाच, पण प्रत्येक वाक्य सोलापुरात चालणाऱ्या जेवढ्या भाषा त्यांना सापडल्या तेवढ्यांत. बसा. पाणी घ्या. घाबरू नका. कुणी केलं? कधी केलं? विणकरांच्या घरातली बाई आली की तेलुगूत 'कूर्चो अम्मा', अक्कलकोटकडचं कुणी आलं की कानडीत 'कूडरी', आणि दख्खनी बोलणाऱ्यांना 'बैठो, डरो नक्को'. उच्चार भयंकर असायचे. ऐकणारी माणसं हसायची, आणि हसली की बोलायला लागायची. पहिला शब्द 'बसा' हाच पाहिजे हा त्यांचा नियम होता. ठाण्याची पायरी चढणारं माणूस घरात चार दिवस विचार करून आलेलं असतं, त्याला उभं ठेवलं तर ते अर्धं सांगून परत जातं, असं त्या म्हणायच्या.

त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट मी यायच्या कितीतरी आधीची. जुन्या हवालदारांकडून ऐकली होती, मग एकदा धीर करून त्यांना विचारली, तर म्हणाल्या, खरी आहे.

त्या शिपाई म्हणून लागल्या तेव्हा त्यांच्या पहिल्या ठाण्यात बायकांसाठी संडास नव्हता. ठाण्यात बायकाच दोन. दिवसभर पाणी न पिता ड्युटी करायची आणि घरी पळायचं. त्यांनी अर्ज दिला, तो परत आला. दुसरा दिला, तो परतसुद्धा आला नाही. पोलीस ठाण्याचा एक नियम असतो: ड्युटीवरचं माणूस ठाण्याबाहेर गेलं की स्टेशन डायरीत वेळ टाकून 'रवाना' लिहायचं आणि आलं की 'परत' लिहायचं. मॅडमनी नियम पाळायला सुरुवात केली. 'अमुक वाजता महिला पोलीस शिपाई लघुशंकेकरिता शेजारील शाळेकडे रवाना.' 'अमुक वाजता सदर शिपाई परत.' दिवसातून तीनदा, चारदा, रोज, स्वच्छ अक्षरात. अंमलदार चिडले. मॅडमनी विचारलं की साहेब, नियमात कुठली कामं लिहायची नाहीत ते लिहून द्या, मी लिहिणार नाही. असलं लिहून कोण देणार?

वार्षिक तपासणीला वरिष्ठ अधिकारी आले. डायरी चाळायला लागले. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग खुर्चीत मागं टेकून बराच वेळ पानं उलटत राहिले. शाळा रविवारी बंद असते, तेव्हा ह्या बाई कुठं जातात, असं त्यांनी विचारलं. मॅडमनी रविवारचं पान काढून दिलं. 'शाळा बंद असल्याने सदर शिपाई लघुशंकेविना परत.'

पावसाळ्याच्या आत संडास बांधून झाला. त्याचं उद्घाटन वगैरे काही झालं नाही, पण मॅडमनी डायरीत शेवटची नोंद केली होती, 'सदर शिपाई ठाणे आवारातच हजर.' ही गोष्ट सांगताना त्या हसत नसत. आम्ही मात्र पोट धरून हसायचो.

अशा माणसाच्या हाताखाली तीन वर्षं काढल्यावर मला वाटायला लागलं होतं की मी शिकले. आणि नेमकी तिथंच माझ्या हातून चूक झाली.

झालं असं, की मॅडमची महिन्याची परीक्षा आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. पदर कितीही ओढला तरी त्यांची चाल आम्ही ओळखायचो. म्हणून त्यांनी स्वतःऐवजी दुसऱ्यांना पाठवायला सुरुवात केली. एकदा शेजारीण पाठवली, एकदा भाची. ती भाची आंधळी बनून आली आणि जाताना दारातल्या आरशात केस नीट करून गेली. तेव्हापासून कुणी जरा वेगळं आलं की आम्ही एकमेकांकडं बघून डोळे मिचकावायचो.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा सुरू होती. निम्मं ठाणं बंदोबस्ताला, मॅडमही तिकडंच. मी दाराजवळच्या टेबलावर होते. दुपारी एक मुलगी आली. पंचविशीची, नीटनेटकी, केसांत आणि भुवयांवर पांढरा कापूस बसलेला. टॉवेलच्या कारखान्यातून थेट आल्यासारखी. तिनं कानाकडं बोट केलं, हातानं नाही म्हटलं, आणि मग भरभर हात हलवायला लागली.

मला वाटलं, मॅडमनी ह्या वेळी खरोखर चांगली नटी शोधली.

मी सगळं पुस्तकाप्रमाणं केलं. उठले. बसायला दिलं. पाणी दिलं. आल्यागेल्याची वही पुढं केली, तिनं त्यात लिहिलं. मी हसून मान डोलावत राहिले. मग दुसरी माणसं आली, फोन वाजले, आणि ती बाकड्यावर बसून राहिली. मधेमधे तिच्याकडं बघून मी हसत होते, म्हणजे मॅडमना कळावं की मी लक्ष ठेवून आहे. दीड-दोन तासांनी बघितलं तर बाकडं रिकामं होतं.

आठवड्यानं मॅडम बंदोबस्तावरून परत आल्या. मी कौतुकानं सांगितलं की त्या दिवशीची तुमची बाई लई झकास वठली, कापूससुद्धा लावून आली होती.

"कुठली बाई?" मॅडमनी विचारलं. "मी कुणाला पाठवलं न्हाय."

मी वही काढली. तोपर्यंत त्या पानाकडं मी नीट बघितलंही नव्हतं. नाव होतं, पूर्व भागातल्या एका वस्तीचं नाव होतं, आणि येण्याच्या कारणापुढं मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात चार-पाच शब्द होते. 'मुकादम दार बंद. मी नको.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं त्या आता बोलतील, पण त्यांनी टोपी घेतली आणि मला गाडी काढायला सांगितलं.

तिचं खरं नाव मी सांगणार नाही. ललिता म्हणू. पूर्व भागात मागांच्या खडखडाटात दारोदार विचारत तासाभरात आम्ही घर शोधलं. आई उंबऱ्याशी सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळत बसली होती. गणवेश बघून तिचे हात थांबले. तेलुगू वळणाच्या मराठीत ती म्हणाली की माझी पोरगी ठाण्यात कशाला जाईल, तिला तर बोलतासुद्धा येत नाही. तेवढ्यात ललिता आतून आली. मला बघितलं आणि तिनं सरळ पाठ फिरवली.

मॅडम खाली फरशीवर बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी बसल्या. ललिताच्या पाठीमागं बसून राहिल्या. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. शेवटी तिनं वळून बघितलं. मॅडमनी आपल्या कपाळाला हात लावला, माझ्याकडं बोट केलं, स्वतःकडं बोट केलं, आणि दोन्ही कान पकडले. ती खूण कुठल्याही भाषेतली नव्हती, पण ललिताला कळली.

मूकबधिर मुलांच्या शाळेत जन्म घालवलेल्या एक निवृत्त शिक्षिका मॅडमना माहीत होत्या. त्या रिक्षानं आल्या आणि ललिताचे हात सुटले. टॉवेल शिवायच्या कारखान्यात ऐकू न येणाऱ्या चौघी कामाला होत्या. बडबड करत नाहीत, काम नेटकं करतात म्हणून मुद्दाम ठेवलेल्या. तिथला मुकादम एकेकीला मालाच्या खोलीत बोलवायचा आणि कडी लावायचा. ललितानं त्याला ढकललं होतं, चावली होती, खिडकीतून बाहेर आली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं चौघींसमोर आपल्या तोंडावर बोट ठेवलं आणि हसला. कुणाला सांगणार, असं. म्हणून ती ठाण्यात आली होती. शिक्षिका हे सगळं आईला तेलुगूत सांगत होत्या. आईनं सूप बाजूला ठेवलं आणि लेकीचे दोन्ही हात धरून ठेवले. ललितानं ते सोडवून घेतले, कारण तिला अजून सांगायचं होतं.

साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना शंका आली. बोलता न येणाऱ्या बाईची साक्ष कोर्टात टिकणार कशी, असं त्यांनी विचारलं. मॅडमनी कायद्याचं पुस्तक त्यांच्या टेबलावर उघडून ठेवलं. अशा बाईचा जबाब तिला सोयीच्या जागी, महिला अधिकाऱ्यानं, दुभाष्याच्या समोर घ्यायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. साहेबांनी वाचलं आणि परवानगी दिली. जागा ललितानं निवडली. तिची जुनी शाळा.

मोर्चे आणि पंचनामे चित्रित करणारा आमचा शिपाई कॅमेरा घेऊन आला. जबाब सुरू झाला. पाच मिनिटांनी मॅडमनी थांबवून आतापर्यंतचं बघायला मागितलं. सवयीनं त्यानं चेहरा जवळून घेतला होता. चौकटीत ललिताचे डोळे होते, हनुवटी होती, आणि हात कुठंच नव्हते.

"हात दिसले पाहिजेत," मॅडम म्हणाल्या. "तिचं तोंड तिथं हाय."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. ते सगळं दुसऱ्यांदा सांगायचं म्हणजे काय, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. शिक्षिकांनी विचारलं. ललितानं ओढणी कंबरेला गच्च बांधली आणि हात वर घेतले.

ती सांगत होती, शिक्षिका बोलत होत्या, मी लिहीत होते. दार, कडी, टॉवेलचे ढीग, खिडकी. मग ती ठाण्यात आल्याच्या दिवसावर आली. तिनं माझ्याकडं बोट केलं. शिक्षिका अडखळल्या. मग त्यांनी सांगितलं की ती म्हणतेय, ह्या पोलीस बाई माझ्याकडं बघून हसत होत्या. मला वाटलं त्यांना गंमत वाटतेय. म्हणून मी निघून गेले.

माझं पेन थांबलं. कॅमेरा सुरू होता. मॅडम माझ्या शेजारी बसल्या होत्या. वहीचं पान वाचल्यापासून माझ्या चुकीबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या, आणि आताही आवाज अगदी साधा होता.

"लिही," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात, जसंच्या तसं. नोकरीत इतकं जड वाक्य मी कधी लिहिलेलं नाही. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या की ह्याची नोटीस तुला येईल आणि मलाही येईल, कारण त्या नाटकांची सवय मी लावली. त्यांनी तसा अहवाल स्वतःहून साहेबांना दिला. दोघींनाही नोटीस आली. दोघींनाही ताकीद मिळाली. मॅडमनी आपली ताकीद फायलीत लावली आणि मला म्हणाल्या की आता काम कर.

मुकादमाला जबाब झाला त्याच संध्याकाळी ताब्यात घेतलं होतं. दोन दिवसांत उरलेल्या तिघीही शाळेत आल्या आणि त्यांनीही जबाब दिले.

त्यानंतर मॅडम एकदा शिक्षिकांना घेऊन ललिताकडं गेल्या. मीही होते. महिन्याच्या परीक्षेची गोष्ट त्यांनी तिला स्वतः सांगितली. कापसाचे बोळे, डोळ्यावरची पट्टी, सगळं. ललिता ऐकत, म्हणजे बघत होती. आधी हसली. मग गंभीर होऊन तिनं काहीतरी सांगितलं आणि शिक्षिकांनी ते शब्दाशब्दानं सांगितलं: "कानात कापूस घालून बहिरं होता येत नाही. तुम्ही तो संध्याकाळी काढता."

इतकी वर्षं ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता ती एका वाक्यात संपली होती. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर बाजू मांडली असती. मॅडमनी फक्त विचारलं की मग परीक्षा कुणी घ्यायची? ललितानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

पुढच्या शनिवारी चौघी ठाणं तपासायला आल्या. बरोबर शाळेतल्या ओळखीचे एक गृहस्थ होते, चाकाच्या खुर्चीवरचे. साहेबांनी आधी नाकं मुरडली, मग कुतूहलानं बाहेर येऊन उभे राहिले. आम्ही नापास झालो. आत आल्यावर कुणाकडं जायचं ते सांगणारी एकही पाटी धड नव्हती. नंबर आला की आम्ही नावानं ओरडायचो, ते त्यांना कसं कळणार? बोलताना आम्ही कागदात तोंड घालायचो, म्हणून ओठ दिसत नव्हते. आणि पायऱ्यांपाशी त्या गृहस्थांनी मॅडमना सांगितलं की मला उचलून घ्यायला चार धट्टेकट्टे पोलीस धावून येतात ह्याचं कौतुक आहे, पण मी पोतं नाही. मॅडमनी टेप काढली. उतार केवढा पाहिजे ते त्यांनी त्या गृहस्थांनाच विचारून लिहून घेतलं, आणि ह्या वेळी साहेबांनी पहिल्याच अर्जावर सही केली.

चौघी पुढचे कितीतरी शनिवार आल्या. त्यांनी आम्हाला खुणा शिकवल्या. मोठमोठे हवालदार शाळेतल्या पोरांसारखे ओळीत बसून हात हलवायचे. ज्यांनी मला घर कुठल्या अंगाला म्हणून विचारलं होतं, त्या हवालदारांची बोटं सगळ्यात चांगली चालायची. तबला वाजवायचे ते. ललिता त्यांना पुढं उभं करून बाकीच्यांना 'असं' म्हणून दाखवायची आणि ते लाजायचे.

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. कोर्टात ललितानं साक्ष दिली. शाळेतलं चित्रीकरण लावलं तेव्हा सगळी खोली तिच्या हातांकडं बघत होती. मग आरोपीच्या वकिलांनी त्यांचा मुद्दा काढला. घटना झाली म्हणता, मग फिर्याद आठ दिवस उशिरा का? ह्या आठ दिवसांत पढवून गोष्ट तयार केली, असं त्यांचं म्हणणं होतं.

सरकारी वकिलांनी मला पिंजऱ्यात बोलावलं. वहीचं पान दाखवलं. मी सांगितलं की ती दुसऱ्याच दिवशी आली होती. हे तिचं अक्षर, ही तारीख. ती आली, मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि तिचं ऐकलं नाही.

आरोपीच्या वकिलांनी मला विचारलं, "म्हणजे तुम्ही कर्तव्यात कसूर केली, असं तुम्ही शपथेवर सांगता?"

"व्हय," मी म्हणाले. घोकून घोकून पाठ केलेलं 'होय' त्या वेळी तोंडात आलंच नाही. "कसूर माझी. तिची न्हाई."

वकील खाली बसले. मागच्या बाकावर मॅडम होत्या, त्यांच्याकडं बघायचा मला धीर झाला नाही.

निकालाच्या दिवशी चौघी पहिल्या रांगेत होत्या. न्यायाधीशांनी मुकादम दोषी असल्याचं वाचलं, शिक्षा वाचली, आणि दुभाष्याचे हात थांबले. चौघींनी हात वर केले आणि हवेत पंजे थरथरवायला लागल्या. त्यांच्या टाळ्या तशा असतात. शेजारी बसलेल्या आईला ते माहीत नव्हतं; तिनं लेकीकडं बघितलं आणि तिनंही आपले विड्या वळून पिवळे झालेले हात वर केले. मग शिक्षिकांनी, मग मी. कोर्टात आवाज करायचा नसतो म्हणून शिपाई पुढं आला, पण आवाज कुठंच नव्हता. तो तसाच उभा राहिला. न्यायाधीश चष्म्यावरून बघत होते. त्यांनी कुणाला थांबवलं नाही.

मॅडमचे हातही वर होते. आणि ती ताठ बाई, जिला आम्ही कधी रडताना बघितलं नव्हतं, तिचे डोळे वाहत होते आणि हात वर असल्यामुळं तिला ते पुसता येत नव्हते.

पुढं त्यांना फौजदारकी मिळाली आणि त्या सीमेकडच्या एका ठाण्यात बदलून गेल्या. तिथं कानडी बोलतात. पहिल्याच महिन्यात त्यांनी तिथलं दार मोजलं असं कळलं. आमच्या ठाण्यात त्यांची खुर्ची दुसऱ्यांना गेली.

मागच्या उन्हाळ्यात एक दिवस ललिता ठाण्यात आली. एकटी. बरोबर आई नाही, शिक्षिका नाहीत. आता ती दुसऱ्या कारखान्यात शिवणकामाची मुख्य होती आणि तिनं विजेवर चालणारी स्कूटर घेतली होती. त्या स्कूटरची बॅटरी घरासमोरून चोरीला गेली होती. ती भयंकर चिडलेली होती. माझ्यासमोर बसली आणि इतक्या वेगानं हात चालवायला लागली की मला दोनदा तिला सावकाश म्हणून सांगावं लागलं. मी फिर्याद घेतली. मीच विचारलं, मीच लिहिलं, मग सगळं परत खुणांनी तिला वाचून दाखवलं. तिनं सही केली, घड्याळ बघितलं आणि कामावर उशीर होतोय म्हणून निघून गेली. आजूबाजूला लोक आपापल्या कामात होते. कुणी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

मला राहवलं नाही. मी मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडं कुणीतरी त्यांना कानडीत काहीतरी विचारत होतं, त्यांनी त्याला थांबवलं.

"एकटी आली होती?" त्यांनी विचारलं.

"एकटी."

"दुभाष्या?"

"न्हाई. मीच घेतली. दोन खुणा चुकल्या माझ्या, तिनं बोटं धरून नीट केल्या. आणि एक ओळ बदलायला लावली. मी जुनी बॅटरी लिहिलं होतं. ती म्हणाली, नवी होती."

मग त्यांचा तो हजेरीला यादी वाचायचा आवाज आला.

"मग मला काय सांगत बसलीयस? बॅटरी शोध की."

तिसऱ्या दिवशी सापडली.